जुने गोवे : अभ्याससहलीचे नियोजन आणि पाहण्याचा क्रम

बीजसंज्ञा : जुने गोवे, अभ्याससहल, ख्रिस्ती कला, जांभा दगड, ख्रिस्तपुराण, वारसा

प्रस्तावना :

पुणे परिसरातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींमध्ये गोव्याचे स्थान नेहमीच वरचे राहिले आहे. या सहलींच्या कार्यक्रमपत्रिकेत जुन्या गोव्यातील चर्चसाठी सामान्यतः दीड-दोन तास राखून ठेवलेले असतात. बॉम जेझू बॅसिलिकेत संत फ्रान्सिस झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन, समोरच्या से कॅथेड्रलमधून एक फेरी, समूहछायाचित्र आणि त्यानंतर समुद्रकिनारा असा क्रम जणू ठरूनच गेला आहे. १९८६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या या स्थळाची अशी बोळवण होते, याला वेळेची टंचाई कारणीभूत आहे असे सांगितले जाते. वस्तुतः खरी उणीव नियोजनाची असते. कोणती वास्तू पाहायची हे ठरलेले असते. ती कोणत्या क्रमाने आणि कोणता प्रश्न मनाशी धरून पाहायची, हे मात्र कोणी ठरवलेले नसते.

प्रस्तुत लेखात खडकवासला परिसरातील एखाद्या महाविद्यालयाने जुन्या गोव्याची अभ्याससहल आखावयाची झाल्यास ती कशी आखावी याचा विचार केला आहे. संपूर्ण सहलीला एकच मध्यवर्ती प्रश्न असावा, अशी येथील भूमिका आहे. तो प्रश्न म्हणजे : हे सारे कोणाच्या हातांनी घडवले? आश्रयदाते पोर्तुगीज होते, आराखडे युरोपातून आले, हे सर्वज्ञात आहे. परंतु दगड फोडणारे, लाकूड कोरणारे, हस्तिदंतावर काम करणारे आणि चांदी ठोकणारे हात प्रामुख्याने याच मातीतले होते. हा प्रश्न हाती असला की इतिहास, मराठी, भूगोल, रसायनशास्त्र आणि वाणिज्य या सर्व शाखांच्या विद्यार्थ्यांना त्या वास्तूंमध्ये आपापले काहीतरी सापडते.

निघण्यापूर्वी : दगड, घंटा आणि ग्रंथ

सहलीची तयारी महाविद्यालयापासून हाकेच्या अंतरावर सुरू होऊ शकते. मुठा नदीवरील खडकवासला धरण १८७९ मध्ये पूर्ण झाले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटल्यानंतर ते भंगले आणि पुढे त्याची पुनर्बांधणी झाली. चुन्यात बांधलेल्या दगडी भिंतीचे ते एक उत्तम उदाहरण होय. येथील दगड दख्खनचा काळा बेसॉल्ट आहे. कठीण, घट्ट आणि पाणी सहजासहजी न मुरू देणारा. जुन्या गोव्यातील वास्तूंचा दगड जांभा आहे. तो खाणीतून काढताना मऊ असतो, कुऱ्हाडीने तासता येतो आणि हवेत उघडा राहिल्यावर टणक होत जातो. परंतु तो सच्छिद्र असल्याने कोकणच्या पावसात त्याला चुन्याच्या गिलाव्याचे पांघरूण लागते. धरणाच्या भिंतीजवळ ही तुलना विद्यार्थ्यांना अर्ध्या तासात समजावून देता येते आणि तिचा उपयोग पुढे बॉम जेझूच्या दर्शनी भिंतीसमोर होतो.

पुणे शहरातील दोन गोष्टींची ओळखही निघण्यापूर्वी करून देणे इष्ट ठरेल. नाना पेठेतील सिटी चर्चची सुरुवात १७९२ मध्ये सवाई माधवराव पेशव्यांनी दिलेल्या जागेवर झाली. पेशव्यांच्या सैन्यात गोव्याकडील ख्रिस्ती सैनिक होते व त्यांच्या उपासनेसाठी ही सोय झाली, ही बाब पुण्याच्या विद्यार्थ्यांनाही बहुधा ठाऊक नसते. दुसरी गोष्ट चित्रकार अँजेलो द फोन्सेका यांची. जुन्या गोव्याजवळच्या सांतो इस्तेव्ह बेटावर १९०२ मध्ये जन्मलेल्या या चित्रकाराने शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्या परंपरेत शिक्षण घेतले आणि मरियेला साडी नेसवून भारतीय स्त्रीच्या रूपात रंगवले. गोव्यातील तत्कालीन ख्रिस्ती समाजातील अनेकांना हे रुचले नाही. फोन्सेका पुण्यात आले, शिवाजीनगरच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहून चित्रे काढीत राहिले आणि १९६७ मध्ये पुण्यातच निवर्तले. त्यांच्या चित्रांचा मोठा संग्रह आज पर्वरी येथील झेवियर इतिहास संशोधन केंद्रात आहे. ज्या प्रश्नाचा शोध सहलीत घ्यावयाचा आहे, त्याच प्रश्नाचे विसाव्या शतकातील रूप पुण्यातच घडले, हे विद्यार्थ्यांच्या ध्यानी आणून द्यावे.

मराठी विभागाने फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’चे एखादे प्रकरण आधी वाचून घ्यावे. हा इंग्रज जेझुइट १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्याने साष्टीत जन्म काढला. अकरा हजारांच्या आसपास ओव्यांचे हे पुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्या शतकातील मूळ आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. १९०७ मध्ये मंगळूर येथे निघालेल्या आवृत्तीमुळे तो ग्रंथ आधुनिक वाचकांपुढे आला. मराठीच्या थोरवीच्या त्यातील ओव्या अध्यापकांना तोंडपाठ असतात. तथापि, त्या ओव्यांपलीकडचा ग्रंथ अध्यापकांनीही क्वचितच वाचलेला असतो, हे येथे नमूद करणे भाग आहे. पुराणाचा छंद, पुराणाची मांडणी आणि बायबलमधील कथा, हे मिश्रण कानांवर पडले असेल तर जुन्या गोव्यातील लाकडी कोरीव कामातले मिश्रण डोळ्यांना लवकर कळते.

काळ आणि वाटचाल

सहलीची तारीख ठरवताना अवशेषदर्शन आणि कलाभ्यास यांपैकी कोणता हेतू प्रधान आहे हे आधी निश्चित करावे. संत झेवियर यांच्या अवशेषांचे दर दहा वर्षांनी होणारे शवप्रदर्शन अलीकडे २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात पार पडले. हा क्रम चालू राहिल्यास पुढील प्रदर्शन २०३४ मध्ये येईल. या काळात अवशेषांची पेटी बॉम जेझूमधून से कॅथेड्रलमध्ये नेली जाते आणि भाविकांच्या रांगांमुळे वास्तू निवांतपणे पाहणे अशक्य होते. प्रतिवर्षी ३ डिसेंबरला संतांचे फेस्त असते व त्याआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. बेळगाव, सिंधुदुर्ग आणि कारवारकडून भाविक पायी येतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी हाच काळ सर्वोत्तम. कलेच्या किंवा स्थापत्याच्या अभ्यासासाठी मात्र तो टाळावा. नाताळच्या सुट्टीतील गर्दीही टाळावी. जानेवारीचा उत्तरार्ध वा फेब्रुवारी सोयीचा. पावसाळा गैरसोयीचा खरा. परंतु जांभ्याच्या भिंतीत पाणी कसे मुरते, हे पाहावयाचे असेल तर त्यासारखा काळ नाही.

शुक्रवारी पुरातत्त्व खात्याची संग्रहालये साधारणतः बंद असतात, तर रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्सा चालू असतात. म्हणून जुन्या गोव्याचा मुख्य दिवस या दोन वारांना येऊ देऊ नये. संग्रहालयांच्या वेळा व शुल्क निघण्यापूर्वी दूरध्वनीने विचारून घ्यावे. बॉम जेझू व से येथे प्रवेशशुल्क नाही.

रस्त्याने जाताना खडकवासल्याहून पुणे शहरात न शिरता सिंहगड रस्त्यावरून महामार्गाला लागता येते. सुरूर फाट्यावरून वाईकडे वळून मेणवलीला तासभर थांबावे. नाना फडणविसांच्या वाड्यामागील घाटावर एक मोठी पोर्तुगीज घंटा आहे. तिच्यावर बालयेशूला घेतलेली मरिया आणि १७०७ हे वर्ष उठावात दिसते. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई विजयानंतर तेथील घंटा मराठी मुलखातील देवळांत पोहोचल्या. भीमाशंकरची घंटाही त्यांपैकीच मानली जाते. चर्चची वस्तू देवळाच्या घाटावर कशी आली, हा विद्यार्थ्यांना सहज पडणारा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर देताना पुढील दोन दिवसांची दिशा आपोआप स्पष्ट होते. तेथून कोल्हापूर, निपाणी, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा मार्ग सोयीचा आहे. बांद्यापलीकडे पत्रादेवी येथे १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात गोळीबाराला बळी पडलेल्यांचे स्मारक आहे. रेल्वेने जाणाऱ्यांना कोकण रेल्वेवरील करमळी हे जुन्या गोव्याला सर्वांत जवळचे स्थानक पडते.

मुख्य दिवस

प्रचलित क्रम बॉम जेझूपासून सुरू होतो. तो उलटा करावा, अशी येथे शिफारस आहे. दिवसाचा आरंभ पश्चिमेकडील टेकडीवर, सांता मोनिका मठातील ख्रिस्ती कला संग्रहालयात व्हावा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात बांधलेल्या या मठात जोगिणींची वस्ती होती. संग्रहालयाची स्थापना १९९४ मध्ये रायतूरच्या सेमिनरीत झाली, २००२ मध्ये ते येथे आणण्यात आले आणि नूतनीकरणानंतर २०२२ मध्ये पुन्हा खुले झाले. येथे प्रथम येण्याचे कारण सरळ आहे. चर्चमध्ये वीस-पंचवीस फूट उंचीवर असणारी वस्तू येथे डोळ्यांच्या पातळीवर येते. हस्तिदंती बालयेशूच्या चेहऱ्याची गोलाई, मरियेच्या वस्त्राच्या चुण्या, पिलांना स्वतःच्या छातीचे रक्त पाजणाऱ्या पेलिकन पक्ष्याच्या आकाराचे चांदीचे पवित्र पात्र, हे सारे निरखून पाहता येते. हस्तिदंतातील काही मूर्तींचे अर्धोन्मीलित डोळे आणि बसण्याची ढब पाहिल्यावर आपण नेमके कोणत्या परंपरेतले शिल्प पाहत आहोत, याविषयी विद्यार्थी स्वतःहून बोलू लागतात. ख्रिस्ती न झालेल्या कारागिरांकडून पूजेच्या वस्तू करवून घेऊ नयेत, अशा आशयाचे निर्बंध सोळाव्या शतकात घालण्यात आले होते. निर्बंध घालावे लागतात ते प्रथा चालू असते म्हणूनच.

संग्रहालयासमोरच संत ऑगस्टिनच्या मठाचे भग्नावशेष आहेत. सतराव्या शतकाच्या आरंभी पूर्ण झालेले हे चर्च १८३५ मध्ये धार्मिक संघांच्या हकालपट्टीनंतर ओस पडले. १८४२ मध्ये त्याचे छत कोसळले आणि १९३१ मध्ये दर्शनी भाग ढासळला. आता उरला आहे तो ४६ मीटर उंचीच्या मनोऱ्याचा एक भाग. पूर्ण वास्तूपेक्षा पडकी वास्तू विद्यार्थ्यांना अधिक शिकवते, कारण तिचा आतला थर उघडा असतो. भिंतींची जाडी, जांभ्याचे चिरे, चुन्याचा दर्जा आणि काही ठिकाणी टिकून राहिलेल्या रंगीत फरशा येथे हाताच्या अंतरावर पाहता येतात. जॉर्जियाची राणी केतेवान हिच्या अस्थींचा शोध पुरातत्त्व खात्याने येथेच घेतला. डीएनए परीक्षणाने २०१३ मध्ये त्यांना दुजोरा मिळाला आणि २०२१ मध्ये त्या जॉर्जियाला सुपूर्त करण्यात आल्या. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांना ही हकीकत सविस्तर सांगावी. याच टेकडीवर रोझरी चर्च असून त्यातील दोना कातारिना हिच्या स्मारकशिलेचे नक्षीकाम गुजरातच्या शैलीतील आहे.

टेकडी उतरून से कॅथेड्रलकडे यावे. आफोन्सो द आल्बुकर्क याने २५ नोव्हेंबर १५१० रोजी, म्हणजे संत कॅथरिनच्या सणाच्या दिवशी, गोवा जिंकला. त्यामुळे हे कॅथेड्रल त्या संतेला अर्पण केलेले आहे. १५६२ मध्ये सुरू झालेले बांधकाम १६१९ मध्ये संपले. वेद्यांचे काम त्यानंतरही चालू राहिले. १७७६ मध्ये एक मनोरा कोसळला आणि पुन्हा उभारला गेला नाही. मुख्य वेदीमागचे सोनेरी मखर पाहताना विद्यार्थ्यांना एकच काम द्यावे : मखराचा एक छोटा चौकोन निवडून त्यातील पानाफुलांची नक्षी वहीत उतरवावी. मोबाईलने काढलेल्या शंभर छायाचित्रांपेक्षा पंधरा मिनिटांचे हे रेखाटन अधिक शिकवते. शेजारच्या असिसी मठातील पुरातत्त्व संग्रहालयात पोर्तुगीज व्हाइसरॉयांच्या तसबिरी आणि कदंबकालीन वीरगळ एकाच छताखाली आहेत. ही मांडणी प्रशासकीय सोयीतून झाली असली तरी अध्यापकाने तिचा लाभ घ्यावा.

बॉम जेझू बॅसिलिका अखेरीस ठेवावी. २४ नोव्हेंबर १५९४ रोजी तिचा पाया घातला गेला आणि १६०५ मध्ये तिचे पवित्रीकरण झाले. जांभ्याच्या बांधणीत दर्शनी भागातील कोरीव तपशिलासाठी वापरलेला बेसॉल्ट वसईकडून आणण्यात आला होता, म्हणजे खडकवासल्याच्या विद्यार्थ्यांना तो दगड आपल्या ओळखीचा वाटावयास हरकत नाही. या वास्तूचा तांबूस उघडा दगड आज जगभरच्या छायाचित्रांत प्रसिद्ध आहे. परंतु तो तसा दिसावा अशी बांधणाऱ्यांची योजना नव्हती. संतांच्या निधनाच्या चारशेव्या वर्षाच्या सुमारास, १९५० च्या दशकाच्या आरंभी, वास्तूला अधिक प्राचीन रूप यावे म्हणून पोर्तुगीज राजवटीने तिचा गिलावा काढून टाकला. तेव्हापासून प्रत्येक पावसाळ्यात जांभा झिजतो आहे. बॅसिलिकेच्या व्यवस्थापनाने २०२० पासून याविषयी जाहीर चिंता व्यक्त केली असून पुन्हा गिलावा करावा की नाही, यावर मतभेद आहेत. लोकांच्या डोळ्यांना सवयीचे झालेले रूप जपावे की दगड जपावा, हा वारसासंवर्धनातील मूलभूत प्रश्न विद्यार्थ्यांसमोर येथे मूर्तिमंत उभा असतो. धरणाच्या भिंतीजवळ केलेली चर्चा येथे पुन्हा उघडावी.

आतील समाधीकडे पाहताना तिचे दोन भाग वेगळे ओळखावे. खालचा संगमरवरी चौथरा फ्लॉरेन्सचा शिल्पकार जोव्हानी बात्तिस्ता फोज्जिनी याने घडवला. तस्कनीचा ग्रँड ड्यूक तिसरा कोझिमो याने तो भेट दिला आणि १६९८ मध्ये तो येथे उभारला गेला. वरची चांदीची पेटी त्याआधी साठ वर्षे, १६३६-३७ मध्ये, गोव्यातील चांदीकारांनी घडवली. चौथऱ्याच्या शिल्पकाराचे नाव प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. पेटी घडवणाऱ्यांची नावे कोणी सांगत नाही आणि ती का सांगता येत नाहीत, याचा विचार करावयास विद्यार्थ्यांना पाच मिनिटे शांत उभे करावे.

येथे एक पथ्य सांगणे आवश्यक आहे. ही वास्तू प्रथम प्रार्थनास्थळ आहे, स्मारक नंतर. गोव्यातील ख्रिस्ती व हिंदू दोन्ही समाजांत संत झेवियर ‘गोंयचो सायब’ म्हणून पूजिले जातात. व्याख्यान बाहेर आवारात द्यावे, आत केवळ पाहावे. गट वीस जणांहून मोठा नसावा. खांदे व गुडघे झाकणारा पोशाख असावा, छायाचित्रणाविषयीच्या सूचना पाळाव्यात, आणि कोणी गुडघे टेकून प्रार्थना करीत असेल तर त्याच्या समोरून जाऊ नये.

अवघड प्रश्न

अध्यापकाची खरी कसोटी यापुढे आहे. विद्यार्थ्यांपैकी कोणी तरी इन्क्विझिशनविषयी विचारणारच. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झाले आणि मधल्या एका खंडानंतर १८१२ मध्ये कायमचे बंद झाले. संत झेवियर यांचे निधन ३ डिसेंबर १५५२ रोजी झाले, म्हणजे ते सुरू होण्यापूर्वी आठ वर्षे. परंतु १५४६ मध्ये त्यांनी पोर्तुगालच्या राजाला लिहिलेल्या पत्रात गोव्यात असे न्यायालय असावे अशी मागणी केली होती, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच दमात सांगाव्यात. साष्टी, बारदेश व तिसवाडीतील देवळे सोळाव्या शतकात पाडली गेली. १६८४ मध्ये स्थानिक भाषेवर बंदी घालणारा हुकूम निघाला, तोही ज्या प्रदेशात ख्रिस्तपुराण छापले गेले त्याच प्रदेशात.

वर्गात हिंदू विद्यार्थी असतात, ख्रिस्ती असतात, मुसलमानही असतात. आदिलशाही वाड्याच्या दरवाजाचा उरलेला अवशेष संत कजेतान चर्चच्या आवारात आजही उभा आहे, तेव्हा त्यांचाही वाटा या भूमीत आहे. अशा वर्गासमोर अत्याचारांविषयी मौन बाळगणे म्हणजे फसवणूक होय. आणि केवळ अत्याचारांचाच पाढा वाचणे म्हणजे त्या मखरांवर हात चालवलेल्या शेकडो स्थानिक कारागिरांना दुसऱ्यांदा पुसून टाकणे होय. वर्गातील ख्रिस्ती विद्यार्थ्याला चारशे वर्षांपूर्वीच्या राजसत्तेचा प्रतिनिधी म्हणून उत्तरे द्यावी लागू नयेत, याची काळजी अध्यापकाने आधीच घ्यावी. ही चर्चा बसमध्ये घाईने उरकू नये. संध्याकाळी मुक्कामी, दिवसभराच्या वह्या समोर ठेवून करावी.

तिसरा दिवस : रायतूर आणि फोंडा

तिसऱ्या दिवशी सकाळी रायतूर सेमिनरीस भेट देता येईल. ती चालू शिक्षणसंस्था असल्यामुळे प्राचार्यांच्या सहीचे पत्र आधी पाठवून अनुमती घेणे आवश्यक आहे. ख्रिस्तपुराण ज्या गावी छापले गेले तेथे त्याचे एखादे प्रकरण मोठ्याने वाचले जावे, एवढा एकच कार्यक्रम तेथे पुरे.

दुपारी फोंड्याकडे यावे. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्याला नेण्यात आली, ती सोळाव्या शतकात. तेव्हा हा मुलूख पोर्तुगीजांच्या ताब्यात नव्हता. कवळ्याचे आजचे देऊळ अठराव्या शतकातील असून त्याच्या उभारणीत शाहू महाराजांचे मंत्री नारोराम यांचा पुढाकार होता. या देवळांचे घुमट, कठडे आणि कमानदार खिडक्या यांची ठेवण चर्चच्या स्थापत्याशी नाते सांगते. मूर्ती ज्यांच्यापासून वाचवून आणली त्यांच्याच वास्तूंचे आकार तिच्या नव्या देवळात उतरले, कारण परिसरातील गवंड्यांच्या हातांना ते आकार आता सरावाचे झाले होते. विद्यार्थ्यांनी से कॅथेड्रलमध्ये रेखाटलेला चौकोन ज्या पानावर आहे, त्याच्या समोरच्या पानावर कवळ्याच्या देवळातील एक खिडकी काढावी. दोन्ही पानांवर तारीख व स्थळ लिहून वह्या परतल्यावर विभागाकडे जमा कराव्यात. पुढील वर्षीच्या तुकडीला निघण्यापूर्वी त्याच वाचावयास देता येतील.